सा. न. वि. वि.

कोणत्याहि जुन्या मराठी घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली तर तिच्यांत पिवळीं पडलेलीं पोस्टकार्डें सांपडतात. शाई फिकी झालेली असते. अक्षर कोणाचें हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनाहि निश्चित सांगतां येत नाहीं. परंतु माथ्यावरचा 'श्री' आणि त्याखालीं नांवाच्या मागून आलेलीं चार अक्षरें मात्र कोणीहि वाचून दाखवितो : सा. न. वि. वि. वाचून दाखवितो खरा, पण त्यांचा अर्थ विचारला असतां चांगलीं शिकलेलीं माणसेंहि 'साष्टांग नमस्कार' येथवर येऊन थांबतात. उरलेल्या दोन 'विं'पैकीं एक विनंतीचा, हें थोडें आठवल्यावर सुचतें. दुसरा कोणाचा, आणि तो तेथें कां आला, हें सांगतांना अडखळावयास होतें. नित्याच्या वापरांतल्या वस्तूकडे कोणी निरखून पाहात नाहीं, तसाच हा प्रकार आहे. या चार अक्षरांच्या मागें एके काळीं दरबारचा शिष्टाचार, जातींचा मानापमान आणि निदान एका प्रसंगीं तरी प्रत्यक्ष सरकारी हुकूम उभा होता.

प्रथम शब्द पाहावे. संपूर्ण वाक्य 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष' असें आहे. छाती, मस्तक, दृष्टि, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे या आठांनीं केलेला तो साष्टांग नमस्कार, अशी त्याची परंपरागत फोड सांगतात. यांतलें मन आणि वाणी हीं जमिनीस टेकवितां येत नाहींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हा नमस्कार मुळांतच केवळ देहाचा नव्हता, म्हणून तो कागदावरूनहि पाठवितां आला. बरोबरीच्या स्नेह्यास एवढा मोठा नमस्कार नको असेल तर 'सप्रेम नमस्कार' लिहीत. मग संक्षेप 'स. न. वि. वि.' असा होई. एक काना गाळला कीं मस्तक जमिनीवरून उचललें जाई आणि माणूस समोर हसतमुख उभा राही! शाळेंतल्या मुलांची या कान्यावरून नेहमीं चूक होई आणि वडिलांना सप्रेम व मित्रांना साष्टांग पोंचे.

आतां दोन 'वि'. जुन्या पत्रांत विनंतीच्या मागून लगेच मजकूर येत नसे. 'विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावें' अशा धर्तीचें एक वाक्य मध्यें येई. तें झालें म्हणजे 'विशेष' हा शब्द येई आणि तेथून खरा मजकूर सुरू होई. विशेष म्हणजे नेहमींच्या क्षेमकुशलाहून निराळें, जें मुद्दाम सांगावयाचें तें. मग तें मोहिमेचें वर्तमान असो, कर्जाचा तगादा असो, कीं मुलीच्या लग्नाची बोलणी असोत. पुढें लिहिणाऱ्यांस घाई झाली. कुशलाचें वाक्य गळालें आणि त्याच्या दोहों बाजूंचे दोन शब्द एकमेकांस येऊन चिकटले. पोस्टकार्डावरच्या दोन 'विं'च्या मधली जी जागा आज रिकामी दिसते, तींत 'आम्ही बरे आहों, तुम्ही कसे आहां' एवढा मजकूर बुजलेला आहे.

असा प्रकार एकट्या मराठींतच झाला असें मात्र नाहीं. प्राचीन रोमन लोकांच्या पत्रांच्या आरंभीं 'सि वालेस बेने एस्त, एगो वालेओ' असें वाक्य असे. 'तूं बरा असलास तर उत्तम, मी बरा आहें' हा त्याचा अर्थ. म्हणजे आमचेंच कुशलाचें वाक्य, फक्त उलट्या क्रमानें. रोमन लेखकांनीं तें पुढें सहा शब्दांच्या सहा आद्याक्षरांवर आणून सोडलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील तत्त्वज्ञ सेनेका यानें आपल्या एका पत्रांत या वाक्याचा वाडवडिलांची चाल म्हणून उल्लेख केला आहे, आणि त्याच्या जागीं शरीराऐवजीं मनाच्या आरोग्याचें वाक्य असावें असें सुचविलें आहे. आणखी एक साम्य सांगण्यासारखें आहे. रोमन पत्रांत लिहिणाऱ्याचें नांव शेवटीं सहीच्या जागीं येत नसून आरंभीं नमस्काराबरोबर येई. मराठी दरबारी पत्रांतहि तेंच. 'पोष्य अमुक याचा साष्टांग नमस्कार', 'स्नेहांकित तमुक याचा कृतानेक नमस्कार' असें नांव वरच गुंफलेलें असे. कोण लिहितो, कोणास लिहितो आणि कोणत्या नात्यानें लिहितो या तिन्ही गोष्टी एका ओळींत बसविलेल्या असत. या ओळीस मायना म्हणत.

मायना हें शास्त्रच होतें. वररुचीच्या नांवावर मोडणाऱ्या 'पत्रकौमुदी' या संस्कृत ग्रंथांत कोणाच्या नांवामागें किती वेळां 'श्री' लिहावी याचा हिशेब दिला आहे. गुरूला सहा, धन्याला पांच, शत्रूला चार, मित्राला तीन, सेवकाला दोन, आणि पुत्र व पत्नी यांना एकेक. शत्रूला मित्राहून एक श्री अधिक दिली आहे, यावरून ग्रंथकर्त्यास व्यवहार चांगला कळत होता असें दिसतें. इतक्या श्री पुनःपुन्हा लिहीत बसण्यापेक्षां पुढें आंकडा घालण्याची युक्ति निघाली. नेपाळांत राजास 'श्री ५' आणि राणा घराण्यांतील प्रधानांस 'श्री ३' लिहीत. तेथील राजसरकारचें नांवच २००६ सालापर्यंत 'श्री ५ को सरकार' असें होतें. संक्षेप हा मान कमी करण्यासाठींच असतो अशी समजूत चुकीची आहे, हें या आंकड्यांवरून दिसेल. येथें आंकडा हाच मान झाला.

महाराष्ट्रांत यादवांचा मंत्री हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत याच्या नांवावर 'मेस्तक' नांवाची लेखनपद्धति सांगितली जाते. जमाखर्च कसा मांडावा, कोणास कोणता मायना लिहावा, याचे पाठ तींत कारकुनांसाठीं असत. पुढें शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतांना लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच केलेलें आहे. नव्या राज्याला किल्ले आणि फौज यांच्याइतकीच लेखणीची व्यवस्थाहि महत्त्वाची वाटली, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देते.

लिहिणें मोडींत असे. मोडीचा सगळा जन्म घाईसाठीं. बोरू शक्य तों कागदावरून उचलूं नये, शब्द तोडूं नयेत, अशी तिची घडण. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, हातानें केलेला आणि महाग. निरोप्या घोड्याला खोगीर घालून बाहेर उभा. अशा परिस्थितींत जे शब्द रोज शंभर वेळां लिहावयाचे ते पुरते कोण लिहीत बसणार? शब्दाचें पहिलें अक्षर लिहावयाचें आणि त्याच्यापुढें दोन उभ्या रेघा ओढावयाच्या कीं शब्द संपला. मौजेबद्दल 'मौ॥', कसब्याबद्दल 'क॥', परगण्याबद्दल 'प॥', तर्फेबद्दल 'त॥', आणि 'अमक्याचा मुलगा' या अर्थीं जो 'बिन' शब्द येई त्याबद्दल 'बि॥'. मुसलमानी महिन्याचा दिवस देतांना चंद्राबद्दल नुसतें 'छ' लिहीत. साष्टांगाचा 'सा॥' याच कुळांतला. टिंब देऊन केलेला 'सा.' हा फार उशिराचा. तें टिंब इंग्रजी छापखान्याबरोबर आलें. मराठींत विरामचिन्हें रूढ करण्याच्या कामीं मेजर थॉमस कँडी यांनीं मोठी खटपट केली आणि १८५० सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक लिहिलें. त्या टिंबानें मोडीतल्या दोन रेघांना हळूहळू बाजूस सारलें.

या संक्षेपांविषयीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. जो शब्द सर्वांस ठाऊक असतो त्याचाच संक्षेप होतो. आणि मायना सर्वांस ठाऊक होता, कारण तो चुकला तर परिणाम भोगावे लागत. राजा आपल्या अंमलदारास लिही तेव्हां 'आज्ञा केली ऐसीजे' असा आरंभ आणि 'जाणिजे' असा शेवट. मध्यें नमस्कारहि नाहीं आणि विनंतीहि नाहीं. गांवच्या मोकदमास लिहावयाचें तर 'मशहुरल अनाम', आणि तेंहि 'मा॥ अनाम' असें आंखडून. चाकरानें धन्यास लिहिलें तर ती 'विज्ञापना'. ब्राह्मण ब्राह्मणास नमस्कार लिही. मराठे सरदार आपसांत दंडवत किंवा रामराम लिहीत. वडील माणूस धाकट्यास आशीर्वाद देई. पत्र लिहिण्याचा अधिकारच ज्यांना मिळाला नव्हता त्या महारांच्या वाट्यास तोंडीं 'जोहार' येई. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या खंडांतून नुसते मायने वाचीत गेलें तरी त्या काळचा समाज कोणत्या पायरीवर कोण उभा होता हें सांगत जातो. पत्राचा शेवट फाटून गेला असला, साल लिहिलेलें नसलें, तरी मायन्यावरून दोघांचें नातें अभ्यासकास अजमावतां येतें.

पायऱ्या म्हटल्या कीं चढण्याची इच्छा आणि ढकलण्याची धडपड या दोन्ही गोष्टी आल्याच. 'नमस्कार' या शब्दावरून उत्तर पेशवाईंत जे तंटे झाले ते आज वाचतांना प्रथम हंसूं येतें आणि मग हंसूं ओसरतें. नारायणराव पेशवे १७७२ सालीं गादीवर आले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत मारले गेले. या अल्पशा कारकीर्दींत चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंकडून नऊ कलमांचें एक कबुलीपत्र लिहून घेण्यांत आलें. वैदिक कर्मांच्या अधिकाराचा वाद हा त्याचा मुख्य विषय, परंतु त्यांत अभिवादनाचेंहि कलम होतें. प्रभूंनीं ब्राह्मणांस दंडवत म्हणावें आणि आपसांतहि दंडवतच म्हणावें, नमस्कार म्हणूं नये. केशव सीताराम ठाकरे यांनीं १९१९ सालच्या आपल्या 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास' या ग्रंथांत हीं प्रकरणें तपशिलानें आणि त्वेषानें मांडलीं आहेत. यांतली विसंगति डोळ्यांत भरण्यासारखी आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी आणि त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ हे याच ज्ञातीचे. ज्यांच्या हातून राज्याचे मायने लिहिले गेले, कोणास कोणता शब्द लावावा हें ज्यांनीं दरबारास शिकविलें, त्यांच्याच वंशजांना आतां स्वतःच्या पत्रांत कोणता शब्द लिहावा हें दरबार सांगूं लागला.

दुसरें प्रकरण मुंबईंतलें आहे आणि तें अधिकच चमत्कारिक आहे. मुंबईंतील सोनार ज्ञातीचे लोक स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवीत, निऱ्यांचें धोतर नेसत आणि एकमेकांस नमस्कार करीत. पुण्याच्या हद्दींतल्या सोनारांना पेशव्यांच्या सत्तेनें दाबतां येत होतें. मुंबई बेट मात्र कंपनी सरकारचें. तेव्हां कंपनी सरकारकडे तक्रार गेली. १७७९ सालीं मुंबईच्या प्रेसिडेंट आणि कौन्सिल यांनीं ठराव केला कीं, 'नमस्कार' या नांवाच्या अभिवादनावरून ब्राह्मण व सोनार यांच्यांत जो तंटा आहे त्यांत सोनारांनीं हें अभिवादन वापरूं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या १९३६ सालच्या जातिभेदनिर्मूलनाच्या प्रसिद्ध निबंधांत या हुकुमाचा दाखला दिला आहे.

हें साल पुन्हा एकदां पाहावें. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें मराठ्यांनीं इंग्रजी फौजेस कोंडून मानहानिकारक तह करावयास लाविलें होतें. तें युद्ध १७८२ पर्यंत चाललें. अशा धामधुमींत, ज्यांच्याशीं हातघाईवर येऊन लढाई चालली आहे त्याच दरबाराच्या मनासारखें मुंबईकर इंग्रज एका शब्दाच्या बाबतींत वागले! नमस्कार म्हणजे काय हें त्या कौन्सिलांतल्या किती गोऱ्या गृहस्थांस समजलें असेल हा प्रश्नच आहे. पण मुद्रा लागली आणि शब्द बंद झाला. तोंडानें करावयाचा नमस्कार बंद म्हणजे कागदावरचाहि बंद, कारण मायना हा तोंडच्या अभिवादनाचाच लेखी अवतार. 'सा॥ नमस्कार' हीं अक्षरें काढण्याची परवानगी नसणें म्हणजे काय, याची कल्पना या हुकुमावरून यावी.

शब्दाचा सूड काळ कसा घेतो हें मात्र याच मुंबईंत दिसलें. या हुकुमानंतर चोवीस वर्षांनीं, १८०३ सालीं, याच दैवज्ञ ज्ञातींत जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे ते अर्धशतकभर आधारस्तंभ होते. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सभासद होते. उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असा बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह असतांना नानांनीं देशी भाषांचा पक्ष घेऊन त्यांच्याशीं वाद घातला. १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक प्रमुख संस्थापक होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे उभी करण्यांतहि त्यांचा हात होता. ज्या ज्ञातीला नमस्कार म्हणण्याची मनाई होती, तींतल्या या गृहस्थाच्या वाड्यावर सर्व ज्ञातींचे लोक कामें घेऊन येऊं लागले. १८६५ सालीं ते वारले तेव्हां त्या जुन्या ठरावाची आठवणहि फारशी कोणास उरली नव्हती.

परंतु एका थोर माणसापेक्षांहि या शब्दावरची बंधनें दोन अगदीं साध्या वस्तूंनीं तोडलीं. एक सरकारी मराठी शाळा आणि दुसरी पोस्टाची पेटी. शाळेंत पत्रलेखन हा विषय आला. गुरुजींनीं फळ्यावर नमुना काढला : वडिलांस पत्र, मित्रास पत्र. त्या नमुन्यांत नमस्कार ब्राह्मणाच्या मुलास एक आणि शिंप्याच्या मुलास दुसरा असा नव्हता. सर्व शाळांत सर्व मुलें एकत्र बसत होतीं असें म्हणणें खोटें होईल. पुष्कळ ठिकाणीं कांहीं मुलांस ओटीवर किंवा दाराबाहेरच बसावें लागे आणि कित्येकांस शाळेचें दारच बंद होतें. परंतु ओटीवरून कां होईना, ज्यानें फळा वाचला त्यानें तींच चार अक्षरें उतरून घेतलीं. जातवार मायना शिकविणारें दप्तर १८१८ सालीं पुण्याच्या राज्याबरोबर संपलें होतें. नवा मायना वयाप्रमाणें आणि नात्याप्रमाणें बदले. मोठ्यास साष्टांग, बरोबरीच्यास सप्रेम, धाकट्यास 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, एवढेंच तारतम्य.

पोस्टानें राहिलेलें काम केलें. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानांत पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतर कितीहि असो अर्धा आणा टपालहंशील ठरलें. पुढें १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें, पोस्टकार्ड निघालें. एका पैशांत तळहाताएवढी जागा! तींत मुलाच्या मुंजीचा मुहूर्त, शेताचा खंड, आत्याबाईंचा दमा आणि धाकट्याचा परीक्षेचा निकाल एवढें सर्व बसवावयाचें. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' लिहिण्यांतच अर्धें कार्ड संपलें असतें. म्हणून राजमान्य राजश्रींचे 'रा. रा.' झाले, तीर्थस्वरूपांचे 'ती. स्व.', चिरंजीवांचे 'चि.', वेदशास्त्रसंपन्नांचे 'वे. शा. सं.', आणि मुक्काम पोस्ट तर 'मु. पो.' म्हणूनच जन्मास आलें. 'बहुत काय लिहिणें, लोभ असों दीजे हे विनंति' या दरबारी शेवटाचें 'क. लो. अ. ही वि.', म्हणजे 'कळावें, लोभ असावा, ही विनंति', असें ओझें उतरलेलें रूप झालें. मग आठवण झाली कीं कार्डाच्या कडेनें उभें 'ता. क.', म्हणजे ताजा कलम, लिहून उरलेल्या चार ओळी भरावयाच्या. टपालखात्याला या सर्वांत एक पैसाच मिळत असे.

यांतलें 'रा. रा.' हें मोठें मौजेचें आहे. राजमान्य म्हणजे राजानें ज्यास मान दिला तो. राजा होता तेव्हां हा शब्द मोजक्यांच्या वाट्यास येई. पुण्याचें राज्य गेलें आणि पोस्टाच्या कृपेनें गल्लींतला प्रत्येक गृहस्थ राजमान्य झाला. वर्तमानपत्रांतहि वक्ता, कवि, वकील, देणगीदार सारे रा. रा. पुढें त्याची जागा 'श्रीयुत' आणि 'श्री.' यांनीं घेतली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तें जवळजवळ नाहींसें झालें.

स्त्रियांच्या पत्रांतहि हाच संक्षेप शिरला. रूढीप्रमाणें स्त्रिया साष्टांग नमस्कार घालीत नाहींत, तरी सासरहून माहेरीं लिहितांना लेक वडिलांस 'शि. सा. न. वि. वि.' लिहूं लागली. 'शि.' म्हणजे शिर. शिरसाष्टांग. जी गोष्ट देवघरासमोर करावयाची नाहीं ती कागदावर खुशाल करीत, कारण एव्हांना त्या अक्षरांचा जमिनीशीं संबंध सुटला होता. त्यांचा अर्थ फक्त 'बाबा, मी लिहितें आहें' एवढाच उरला होता.

आणि हीं अक्षरें नसलीं तर? तोहि एक निरोपच असे. मृत्यूचें वर्तमान कळविणाऱ्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहीत नसत, आंत नमस्कार लिहीत नसत, कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर तें घरांत न ठेवतां फाडून टाकीत. पोस्टमननें ओसरीवर टाकलेल्या कार्डाचा तुटका कोपरा दिसतांच चुलीपाशीं असलेल्या बाईच्या हातांतलें काम गळून पडे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाहि तें पत्र वाचतां येई. ज्या चार अक्षरांकडे नेहमीं कोणी लक्षहि देत नसे, त्यांची किंमत त्या रिकाम्या जागेंत कळे.

इंग्रजी शिकलेल्या पिढीनें 'प्रिय' आणला आणि 'आपला नम्र', 'आपला विश्वासू' आणला. लिहिणाऱ्याचें नांव मायन्यांतून निघून शेवटीं सहीच्या जागीं गेलें. कचेरीच्या पत्रांत 'महोदय' आला. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ सालीं झाली. त्या चळवळीनें अभिवादनाच्या शब्दांतला उंचनीचपणा उघड करून दाखविला. डॉ. आंबेडकरांच्या चळवळींतून 'जयभीम' निघाला आणि 'जोहार' हा लादलेला शब्द त्यानें कायमचा हद्दपार केला. टेलिफोन घरोघर आला तेव्हां पोस्टकार्डें कमी झालीं, आणि आतां मोबाईलवरच्या निरोपांत तर नमस्काराला दोन जोडलेल्या हातांचें चित्रच पुरतें. चित्र पाठवावें कीं शब्द, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

एक जागा मात्र या अक्षरांनीं सोडलेली नाहीं. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेंत, गणपतीच्या चित्राखालीं, 'स. न. वि. वि.' अजून छापतात. छापखान्यांत त्याचा साचा तयारच असतो आणि पत्रिका छापावयास येणाऱ्यास त्याची ज्ञात कोणी विचारीत नाहीं. कोणास तो मजकूर बदलून हवा असला, 'सप्रेम जयभीम' हवा असला, तर छापणारा तेवढी ओळ बदलून देतो, आणि खालचा 'विनंति विशेष' मात्र पुष्कळदां दोन्ही पत्रिकांत तसाच राहतो.